पाटोळ्यांच्या पोत्यातली हत्यारं

पाटोळे गेल्याचं रूथवहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी भिजवलेले वाल सोलत बसले होते. "बाई, हे गेले," त्या म्हणाल्या. "दुपारी जेवून आडवे झाले, चार वाजता चहाला उठवायला गेले तर..."  मग त्यांनी नाक ओढलं आणि वर्गातल्या मुलीला दम भरावा तशा आवाजात म्हणाल्या, "उद्या दहाला प्रार्थना आहे. बोलत नव्हतात तरी यायचं." मी हो म्हणाले. फोन ठेवला, आणि उरलेले वाल त्या दिवशी सालासकट तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी चर्चकडे जाताना बाजाराच्या वळणावर फ्लेक्स लागलेला दिसला. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली नाव शांतवन पाटोळे, वर हसरा फोटो. आणि फोटोच्या कोपऱ्यात, त्यांच्या कानाच्या जरा वर, कोयत्याचं टोक. नंतर कळलं की फ्लेक्सवाल्यानं वहिनींकडे चांगला फोटो मागितला तेव्हा त्यांनी मोबाइलमधले सगळे दाखवले, पण गेल्या दोन वर्षांतल्या एकाही फोटोत पाटोळे रिकाम्या हातांनी उभे नव्हते. एकात पहार, एकात कुऱ्हाड, एकात टेंपोचा पाना. शेवटी त्यानं कोयत्याचा फोटो घेतला आणि जमेल तेवढा कोयता कापला. फ्लेक्सखाली उभा असलेला एकजण दुसऱ्याला विचारत होता, "कोण रं ह्यो? कुटला दादा?" दुसरा म्हणाला, "दादा कसला, रेल्वेत व्हता." मला हसू फुटलं. आणि लगेच लक्षात आलं की हे ज्याला सांगून हसायचं, तो माणूस फ्लेक्सवर आहे.

आम्ही चार महिने बोलत नव्हतो. चूक माझी होती. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मी पाटोळ्यांच्या पुष्कळ गमती सांगणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, बाईंना केवढी माया होती. माया होतीच. पण ती दाखवायची वेळ आली त्या दिवशी मी त्यांच्याबद्दल चार माणसांत जे बोलले, ते मागे घ्यायचं राहून गेलं. त्यांनी ते मनात ठेवलं की सोडून दिलं, हे मला कळायला हवं होतं. ते जाऊन आता सहा आठवडे झाले.

पाटोळे माझ्याकडे पहिल्यांदा आले ते आठ वर्षांपूर्वी. मी कर्जतच्या शाळेतून मराठीची शिक्षिका म्हणून नुकतीच निवृत्त झाले होते, आणि ते रेल्वेच्या स्टोअरमधून. गँगमनना सकाळी पाने, पहारी, कंदील द्यायचे आणि संध्याकाळी परत घ्यायचे, हेच त्यांनी जन्मभर केलं. दिलेल्या प्रत्येक वस्तूची एक चिठ्ठी: कुणाला, कशासाठी, परत कधी. निवृत्तीनंतर ही सवय घरात शिरली. वहिनींच्या मिक्सरला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली मी स्वतः पाहिली आहे. 'रूथ. चटणीसाठी. परत करणे: ओट्यावर.' चिठ्ठीसाठी कोरा कागद वापरायचा नाही हाही त्यांचा नियम. लग्नपत्रिका, लाइट बिल, मागच्या वर्षीचं कॅलेंडर, जे हाताशी येईल ते कापायचं. एकदा वहिनींची रक्ताच्या तपासणीची पावती शोधता शोधता शेवटी ती विळीला बांधलेली सापडली.

तर हे गृहस्थ दारात उभे राहिले, बगलेत कागदांचा गठ्ठा, कानावर बुटकी पिवळी पेन्सिल. "बाई, मराठी तपासायची हाय," म्हणाले. बायबलच्या नव्या करारातली पत्रं त्यांना आपल्या भागातल्या बोलीत आणायची होती. मुळातून. त्यासाठी साठी उलटल्यावर, कुणा म्हाताऱ्या पाद्रीबाबांच्या जुन्या पुस्तकावरून, हा माणूस ग्रीक शिकत होता. मी जरा सावध झाले. आमच्या गल्लीत असल्या गोष्टींना लगेच पाय फुटतात. मी सरळ विचारलं, "पाटोळे, हे सगळं कशासाठी? कुणाला बाटवायचंय का?" ते अजिबात रागावले नाहीत. "बाई, मी स्टोअरवाला. माल जसा आला तसा पोचवायचा. घेणाऱ्यानं वापरावा, नायतर कोपऱ्यात ठेवावा." मी लाल पेन उचललं आणि पहिल्याच ओळीवर तीन खुणा केल्या. ते माझ्या हाताकडे बघत राहिले. "तुमी डावऱ्या?"

हा विषय माझ्यापुढे कुणी काढायचा नसतो. लहानपणी शाळेत डाव्या बोटांवर पट्टी बसली, घरी डाव्या हातानं प्रसाद घेतला म्हणून आत्यानं हात झटकला, लग्नात हळदीकुंकू लावताना सासूबाईंनी माझं मनगट धरून हात बदलला. नोकरीत फळ्यावर लिहायचे तर पहिल्या बाकावरची मुलं खुसखुसायची. एवढं सगळं मी पाटोळ्यांना त्या पहिल्याच दिवशी का सांगितलं, कोण जाणे. ऐकून ते म्हणाले, "स्टोअरमधी एक गँगमन डावरा व्हता. त्याच्यासाठी आमी कंदील उजवीकडं टांगायचो." बस, एवढंच. दर गुरुवारी चार वाजता ते पानं घेऊन यायला लागले, ते थेट त्या भांडणापर्यंत.

त्यांची काम करायची पद्धत एकच होती. वस्तू हातात घेतल्याशिवाय, तिनं काम केल्याशिवाय ते तिचं नाव कागदावर लिहीत नसत. पत्रात जू आलं, तर ते कडावला एका शेतकऱ्याकडे गेले आणि म्हणाले, माझ्या मानेवर ठेव. त्यानं बिचाऱ्यानं ठेवलं. दुसऱ्या बाजूला बैल होता. बैलाला वाटलं, काम सुरू झालं. पाटोळे अख्खं खाचर पार करून पलीकडच्या बांधावर सापडले, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि सगळ्यात आधी म्हणाले काय, तर "दोघांचा मेळ बसला पायजे, हे खरं हाय." पीठ फुगण्याबद्दल एक ओळ होती, तिच्यासाठी त्यांनी वहिनींची सगळी भांडी अडवून ठेवली होती. वहिनी मला म्हणाल्या, "बाई, पुढं कुठं तुरुंग येतो का हो त्या पत्रात? आधी सांगून ठेवा." मी पुढे चाळून पाहिलं. तुरुंग होता. मी पान उलटलं.

मग दोन वर्षांपूर्वी तो ग्रीक शब्द आला. होप्ला. नव्या करारात तो मोजक्याच ठिकाणी येतो, पण जिथे येतो तिथे वेगळ्याच हातात असतो. रात्री कंदील-मशाली घेऊन माणसं बागेत येशूला पकडायला येतात, त्यांच्या हातात होप्ला. एका पत्रात सांगितलंय की अंधाराची कामं टाका आणि उजेडाची होप्ला अंगावर चढवा. त्याच पत्रात आधी म्हटलंय की आपले अवयव अनीतीच्या हाती होप्ला म्हणून देऊ नका, देवाच्या हाती द्या. आणि आणखी एका पत्रात, नीतीची होप्ला उजव्या हातात आणि डाव्या हातात. कोशात पाहावं तर त्याहून जुन्या ग्रीकमध्ये लोहाराच्या सामानालाही हाच शब्द, आणि जहाजावरच्या दोरखंडालाही. माणूस ज्यानं आपलं काम करतो ते सगळं होप्ला. लढणाऱ्याचं काम लढायचं, म्हणून त्याची तलवार-ढालसुद्धा.

मी म्हटलं, सोपं आहे. शिपायांच्या हातात शस्त्रे, उजेडाची शस्त्रसामग्री, अवयवांना साधने. पाटोळे मान हलवत राहिले. "लिहिणाऱ्यानं एकच पाना सगळीकडं वापरलाय, बाई. आपण तीन कशाला काढायचे?" मी म्हटलं, मराठीत प्रत्येक ठिकाणी शोभेल असा शब्द घ्यावा लागतो. ते म्हणाले, "शोभंल का कामाला यील?" त्यांना हवा होता 'हत्यार'. मला तो शब्द वर्तमानपत्रातल्या खुनाच्या बातमीसारखा वाटायचा. यावर आम्ही किती गुरुवार घालवले, ते माझ्या चहाच्या डब्याला विचारा. डाव्या हाताची ओळ तर त्यांना कशीच बसेना. जुने टीकाकार सांगतात, उजव्या हातात तलवार आणि डाव्या हातात ढाल. पाटोळ्यांना ते पटत नव्हतं. "म्हंजे उजव्यानं काम करायचं आन् डाव्यानं नुसता मार खायचा? असं नसंल बाई. ही ओळ मोकळी ठेवू." ती मोकळीच राहिली. आणि त्याच सुमाराला माझं लाल पेन हरवलं. शाळेपासूनचं जाड टोपणाचं पेन, फक्त रिफिल बदलत आले होते. मी तीनदा त्यांच्यावर आळ घेतला. ते दर वेळी म्हणाले, "माझ्याकडं आलेली वस्तू हरवत नाय." नाही म्हणाले नाहीत, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

शब्दाचा निकाल लावायला पाटोळे मग बाहेर पडले. चौकला जुन्या हायवेवर बारकू मेस्त्रीचं गॅरेज आहे, तिथे त्यांनी एक दिवस काम केलं. एका टेंपोचं चाक त्यांनी इतक्या श्रद्धेनं आवळलं की ते उघडायला तिघे लागले. बारकू मेस्त्री त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, तुमी बसा. फकस्त बघा." त्यांनी बघितलं. खंडेनवमीला मेस्त्रीनं सगळे पाने धुऊन पुसून ओळीत मांडले, हळदकुंकू वाहिलं, प्रत्येकावर झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाला, "आज हत्यारांना सुट्टी." पाटोळे तिथून थेट माझ्याकडे आले, मला वाटतं धावतच. मी म्हटलं, एका गॅरेजवरून भाषा ठरत नाही.

म्हणून ते मला घेऊन सोमीकडे गेले. सोमी म्हणजे कडावच्या पुढे, डोंगराला लागून असलेल्या ठाकरवाडीतली म्हातारी. रानातून लाकूडफाटा आणि करटुली आणणारी, आणि पाटोळ्यांची शेवटची परीक्षक. जे सोमीला कळलं नाही ते पाटोळे खोडून टाकत. त्यांनी माझी ओळ वाचली, उजेडाची शस्त्रं चढवा. सोमी म्हणाली, "शस्त्र त्ये देवाच्या हातात आसतंय. फोटोत. आमाला काय त्याचं?" बरं, मग अवजार? "त्ये सरकारी. त्येचा फारम भरावा लागतोय." आणि हत्यार?  तिनं कमरेमागे हात घातला, कोयता काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. धार लावलेला, मूठ तिच्या तळव्याच्या आकाराची झालेली. पाटोळ्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना जिंकल्यावर समोरच्याकडे न बघायची सभ्यता होती. मी मात्र परत येताना रिक्षात म्हणाले, अजून विचार करायला हवा.

यानंतर ते पोतं सुरू झालं. जो जो माणूस ज्या ज्या वस्तूला 'माझं हत्यार' म्हणेल, ती वस्तू पाटोळे पत्रं पुरी होईपर्यंत मागून आणत, वापरून बघत, आणि तिला चिठ्ठी बांधत: कुणाचं, कशासाठी, कुठल्या ओळीत बसतं, परत करणे. लोधिवलीच्या गवंड्याची थापी, बारकू मेस्त्रीचा पाना, एका मासे मारणाऱ्याचा लहान भाला, सुताराची पटाशी, सोमीचा कोयता. सगळं एका पोत्यात. आणि एके दिवशी हे पोतं खांद्यावर घेऊन ते चौककडे निघाले, नेमके निवडणुकीच्या दिवसांत. हमरस्त्यावर नाका बसला होता, गाड्या तपासत होते. सकाळी अकराला मला फोन आला. आवाज एकदम शांत. "बाई, इथं एक भाषेचा प्रश्न निर्माण झालाय. जरा येता का?"

मी पोचले तेव्हा मंडपातल्या टेबलावर सगळा ऐवज मांडलेला. वस्तू एक वेळ चालल्या असत्या, घात केला चिठ्ठ्यांनी. हवालदार एकेक मोठ्यानं वाचत होते. कोयत्यावर लिहिलं होतं, 'उजेडाचे.' पटाशीवर, 'अनीतीच्या हाती देऊ नये.' आणि भाल्यावर, 'रात्री कंदील घेऊन पकडायला गेले तेव्हाचे.'

"कुणाला पकडायला?" हवालदारांनी विचारलं.

"प्रभू येशूला," पाटोळे म्हणाले.

"तुमी व्हता का त्यात?"

"नाय साहेब. पन गेलो असतो का नसतो, ते सांगता येत नाय."

हवालदार बापडा भला माणूस होता. त्यानं पेन खाली ठेवलं. "काका, ऐका. मला कागद करायचाय. 'शेतीची अवजारं' म्हणा, सही करा, घरी जा. हत्यारं म्हणलात तर मला साहेबांना फोन लावावा लागंल." मी म्हटलं, पाटोळे, म्हणा अवजारं. आज मी तुमच्या बाजूनं सांगते आहे. पाटोळे हात जोडून उभे राहिले. "साहेब, तुमचं बरोबर हाय. पन दोन वर्षं मी याच एका शब्दावर काम करतोय. या बाई साक्षीला हायत. ज्यांच्या वस्तू, ते यास्नी हत्यार म्हणतात. मी अवजार कसं लिवून देऊ? हत्यारं लिवा."

साडेबारा वाजले, एक वाजला. त्यांना साखरेचा त्रास, सकाळपासून पोटात काही नाही, बाकावर बसल्या बसल्या मानेवर घाम. मला भीती वाटायला लागली आणि भीती वाटली की मला राग येतो. मी हवालदारांना बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "साहेब, त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. वय झालंय, लिहिण्याच्या नादात भ्रमिष्टासारखं झालंय. ग्रीकबिक काही येत नाही त्यांना, उगाच विरंगुळा आहे. मी सही करते." हळूच म्हणजे काय, तर जन्मभर शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला माझा आवाज. दहा मिनिटांत कागद झाला, माझी सही झाली, पाटोळ्यांना एक प्रत मिळाली, पोतं मिळालं. परतताना रिक्षात ते पोतं मांडीवर धरून बसले. त्यांच्या फाटकाशी उतरले, पोतं खाली ठेवलं, आणि म्हणाले, "स्टोअरमधी मोडकी वस्तू आली की आमी तिला भंगारात काढायचो. पन आधी एकदा दुरुस्त व्हती का बघायचो, बाई."

पुढचा गुरुवार आला, चार वाजले, कुणी आलं नाही. त्याच्या पुढचाही तसाच गेला. मी दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत शुद्धलेखनाची चूक नसून दुसरीच काहीतरी चूक आहे असं वाटून फाडली. आमचे हे म्हणाले, "अगं, जा आणि माफी माग, त्यात काय." यांना सोपं आहे, हे रोजच मागतात. एकदा मात्र गेले. पेनाची चौकशी करायला आले, असं सांगायचं ठरवून फाटकापर्यंत पोचले. आतून त्यांचा वाचण्याचा आवाज येत होता, कुणालातरी ग्रीक वाक्य ऐकवत होते आणि वहिनी भांडी घासत 'हं, हं' करत होत्या. त्यांना येत नाही असं मी सांगितलेलं, तेच ग्रीक. मी तशीच मागे फिरले. आपल्या जिभेनं आपण काय केलं, हे कळायला मला कुठलं पत्र वाचायची गरज नव्हती.

प्रार्थनेला सगळे आले होते. बारकू मेस्त्री गॅरेज बंद करून आला होता, हातावर ग्रीस तसंच. सोमी डोंगर उतरून आली होती, आणि चर्चच्या पायरीवर बसून मला म्हणाली, "माजा कोयता त्याच्याकडंच हाय गं. ऱ्हाऊ दे." मी शेवटच्या बाकावर बसले. ज्याच्याशी बोलायचं, तो समोर पेटीत होता, आणि माझं बोलणं पोचावं असा आवाज मला त्या दिवशी नव्हता.

गेल्या आठवड्यात वहिनींचा पुन्हा फोन आला. "बाई, ते पोतं येताजाता पायाला लागतं. हे सांगून ठेवायचे, ज्याचं त्याला परत. पण यांचं अक्षर मला लागत नाही, तुम्हालाच लागतं." गेले. बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून मी एकेक वस्तू काढली, चिठ्ठी वाचली, बाजूला ठेवली. थापी, लोधिवली, परत करणे. पाना, बारकू मेस्त्री, परत करणे. कोयता, सोमी, उजेडाचे, परत करणे. वहिनी पिशव्या भरत होत्या आणि मध्येच डोळे पुसत होत्या. पोतं रिकामं झालं असं वाटून मी ते झटकलं, तर तळातून एक लहानशी पुरचुंडी पडली. वहिनींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. सोडला, तर आत त्यांची ती बुटकी पिवळी पेन्सिल, आणि तिला सुतळीनं जखडून बांधलेलं माझं लाल पेन.

चिठ्ठी होतीच. 'उजव्या हातातले: पाटोळे. डाव्या हातातले: बाई.' आणि खाली, जिथे प्रत्येक चिठ्ठीवर 'परत करणे' असतं तिथे, 'परत करणे नाही.'

 मी सवयीनं चिठ्ठी उलटली, कारण पाटोळ्यांची चिठ्ठी कुठल्या कागदाची आहे हे बघण्यात नेहमी गंमत असायची. मागे कार्बनच्या निळ्या शाईत अर्धी ओळ होती, '...इसमाचे डोके ठिकाणावर नसून...' आणि तिच्याखाली माझी सही. नाक्यावर मिळालेली ती प्रत त्यांनी कापली होती. चिठ्ठीला पुरेल एवढीच, नेमकी त्या ओळीवरून. वहिनींना विचारलं, हे कधी बांधलं? "तुमचं बोलणं बंद झालं ना, त्याच आठवड्यात," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, बाईंना नेऊन द्या. तर म्हणाले, न्यायचं कशाला, बाई पेन मागायला येतील की." मग मी रडले. वहिनींनी पाणी दिलं, आणि पेल्यालाही चिठ्ठी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलीस ठाण्यात गेले. तेच हवालदार भेटले, ओळखलंही. मी म्हटलं, मला माझा जबाब दुरुस्त करायचाय. ते म्हणाले, "मॅडम, त्यो कागद कवाच निकालात निघाला. आन् काका तर वारले म्हणं." मी म्हटलं, म्हणूनच. लिहून घ्या. त्या गृहस्थांचं डोकं ठिकाणावर होतं. त्यांना ग्रीक येत होतं. त्या दिवशी ज्या वस्तू सापडल्या, ती हत्यारं होती. हवालदारांनी माझ्याकडे नीट बघितलं, ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला आणि खरोखर लिहायला लागले. माणूस भला आहे, हे मी आधीच सांगितलंय. लिहून झाल्यावर माझ्या हातातल्या पुरचुंडीकडे मान केली. "ह्यात काय हाय?" मी उघडून दाखवलं. त्यांनी चिठ्ठी वाचली, दोन्ही बाजूंनी वाचली. "ह्ये बी हत्यारच लिवू का?" मी हो म्हणाले. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि मी डाव्या हातानं सही केली.

ती पुरचुंडी आता माझ्या टेबलाजवळच्या खिळ्याला टांगली आहे, उजवीकडे. सोमीला कोयता दिला, तर तिनं आधी चिठ्ठी सोडून कनवटीला लावली आणि मग कोयता कमरेला. पत्रांची उरलेली पानं वहिनींनी माझ्याकडे पाठवली आहेत. काल गुरुवार होता. चार वाजता मी चहा केला, सवयीनं दोन कप झाला, तो मीच प्यायले आणि तपासायला बसले. सुतळी सोडवायची नाही म्हणून बाजारातून नवीन लाल पेन आणलंय. जिथे जिथे मी शस्त्रे आणि साधने केलं होतं, तिथे तिथे खोडून 'हत्यारं' केलं. मग ती मोकळी ठेवलेली ओळ आली. तीही लिहिली, नीतीची हत्यारं, एक उजव्या हातात, एक डाव्या हातात. नवीन पेन अजून हाताला बसलेलं नाही, त्यामुळे 'डाव्या' जरा वाकडं आलंय. दुरुस्त केलं नाही.